तिसरी मोलकरीण

आमच्या संस्थेत मला सगळे बाई म्हणतात. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, त्याची ही दुसरी पेन्शन. संस्था म्हणजे फार काही नाही. सिडकोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी जमणारी वीस-बावीस हौशी माणसं. कुणी बँकेत, कुणी वीज खात्यात, एकाचं औषधांचं दुकान. दोन-तीन वर्षांनी एकदा आम्ही जुन्या वळणाचं संगीत नाटक बसवतो. शक्यतो विनोदी, कारण गंभीर नाटकात आमच्या मंडळींना हसू आवरत नाही. नायक, नायिका आणि नायिकेचा बाप एवढी पात्रं दिग्दर्शक स्वतः बसवतात. मग चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "बाई, उरलेले तुम्ही बघा."

उरलेले म्हणजे नोकर, सख्या, हवालदार, भटजी, लग्नाचे पाहुणे. मी स्वतः बावीस वर्षं उरलेल्यांत काढली. सखी होते, दासी होते, एकदा तर पडद्यामागून रडणारं तान्हं मूल होते. त्यामुळे या कामातली खोच मला ठाऊक आहे. नायिका आठ मिनिटं पद गाते तेव्हा तिच्या मागं उभ्या असलेल्या चौघांनी काय करायचं, हे कुठल्याही संहितेत लिहिलेलं नसतं. ते हलले तर नायिका चिडते, पुतळ्यासारखे राहिले तर लोकांना झोप येते. जिवंत दिसायचं आणि दिसायचंही नाही. हे शिकवायला दोन महिने लागतात आणि नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. याचा राग यायचा मला. साठीला आले तरी येतो.

त्या वर्षीचं नाटक एका बहिऱ्या जहागीरदाराचं होतं. त्याच्या वाड्यात एकाच दिवशी दोन होणारे जावई येऊन थडकतात आणि खरा कोण, खोटा कोण, याचा घोळ तीन अंक चालतो. वाड्यात तीन मोलकरणी. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. या तिघींना दुसऱ्या अंकात एक पद होतं. दिग्दर्शक ते कापायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, मी बघते.

त्या पदाची मी वेगळीच बांधणी केली. एक ओळ तिघींत वाटली. पहिलीनं सुरुवात करायची, दुसरीनं पुढं ओढायची आणि शेवटचा शब्द तिसरीनं टाकायचा. तोही गाऊन नाही, भाकरी तव्यावर टाकावी तसा सपाट. हसू यायचं ते त्या शेवटच्या शब्दावर. म्हणजे सगळा भार तिसरीवर. आणि ती तिसरी मला आमच्या तबलजीनं आणून दिली.

तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला होता. तिथंच ती पॅकिंगला होती, तिशीतली, पाचोडकडची. कंपनीच्या कार्यक्रमात तिनं कुणाची तरी नक्कल केली होती ती त्यानं पाहिली होती. घरची मेंढरं. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, आता भाऊ थोडी शेती करायचा, पडेल ते कामही करायचा. ही शहरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. लग्न मोडलं होतं, त्याबद्दल ती बोलायची नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी तिनं दोन वाक्यं वाचली तेव्हा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत आला. दिग्दर्शक माझ्या कानाशी म्हणाले, "फार गावठी आहे हो."

"मोलकरीण आहे ती," मी म्हटलं, "तुमची नायिका नाही."

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तालमीत आम्ही तिला तिसरीच म्हणायचो. तिला त्याचं काही वाटत नाही असं मी धरून चालले होते. कंपनीची पाळी संपवून ती यायची, हॉलच्या पायरीवर बसून डब्यातली उरलेली पोळी खायची आणि उभी राहायची. एकदाही उशीर नाही. पाठांतर पहिल्या आठवड्यात पक्कं. ती शिकली ते सगळं डोळ्यांनी. मी तबक कसं धरायचं ते दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटाला संधिवातामुळे जो बाक येतो तोही तिच्या हातात आला होता. मी हसले. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी तिला जवळ घेतलं.

आता पिशवीबद्दल सांगायला हवं. ती माझी कल्पना होती. तालमीत उरलेली मंडळी आपला प्रवेश येईपर्यंत कोपऱ्यात मोबाईल चोळत बसायची आणि एन्ट्री चुकायची. म्हणून मी एक कापडी पिशवी शिवली. आल्याबरोबर सगळ्यांनी फोन तिच्यात टाकायचे, पिशवी माझ्या खांद्याला. सगळ्यांनी म्हणजे उरलेल्यांनी. नायिकेला फोन टाका म्हणायची माझी छाती नव्हती, नायक तर विंगेत उभा राहून शेअर बाजार बघायचा. ज्याला मोठं काम त्याचा फोन त्याच्याजवळ, ज्याला लहान काम त्याचा माझ्याजवळ. हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट आपल्या माणसांना शिस्त आहे याचा मला अभिमान होता.

प्रयोगाच्या दोन महिने आधी तिच्या वडिलांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ती चार दिवस गावी जाऊन आली. आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "बगतेत सगळं, बाई. पन तोंडातून शब्द निघंना. माझ्याकडं बघून नुसतं डोळ्यातनं पाणी काढायलेत." दर रविवारी ती जाऊन यायची. सोमवारी तालमीला हजर. तुझ्याऐवजी दुसरी घेऊ का, असं मी एकदा विचारलं. मनापासून विचारलं की नाही ते आता सांगता येत नाही. ती लगेच नको म्हणाली.

आमचा प्रयोग एका स्पर्धेत होता आणि आम्हाला सकाळची वेळ मिळाली होती. साडेअकराला पडदा. सकाळी आठलाच आम्ही नाट्यगृहावर पोचलो. नेपथ्यवाले खिळे ठोकत होते, ऑर्गनचा एक सूर दबलेला होता. ती सगळ्यांत शेवटी आली. डोळे सुजलेले. फोन पिशवीत टाकण्याआधी जरा घुटमळली.

"बाई, दादाचा फोन आला तरच सांगा मला. बाकी कुनाचा नाय. आबांना काल दवाखान्यातून घरी आनलंय."

"सांगते गं," मी म्हटलं. "जा, मेकअपला बस."

पावणेअकराला पिशवी थरथरली. मी विंगेत पाण्याचं घंगाळ जागेवर आहे का बघत होते. तिचा फोन होता, वर नाव 'दादा'. मी उचलला.

"कोन? तिला द्या जरा."

"ती मेकअपला बसलीय. मी तिच्या बाई बोलतेय, नाटकातल्या."

"बाई, आबा बोलायलेत," तो म्हणाला. त्याचा आवाज धावल्यासारखा होता. "पाटंपासून बोलायलेत. दोन महिने शब्द नव्हता. च्या मागितला, मेंढरं मोजली का इचारलं. आता सारखं तिचंच नाव घेतेत. तिला म्हनावं असंल तशी निघ. गाडी करून ये. उशीर करू नगंस म्हनावं."

"हो, सांगते," मी म्हटलं. फोन बंद झाला.

पुढं कितीतरी महिने मी स्वतःला समजावत राहिले की मला कळलं नाही. माणूस बोलायला लागलाय म्हणजे सुधारतोय, आनंदाची बातमी आहे, दोन-तीन तासांनी काय बिघडणार, असं मला वाटलं असणार. तसं काही नव्हतं. मला कळलं होतं. माझ्या स्वतःच्या वडिलांनी आठ दिवस पडून राहिल्यावर शेवटच्या सकाळी उठून बसून दाढी करून मागितली होती आणि दुपारी गेले होते. दवाखान्यानं घरी पाठवलेला माणूस दोन महिन्यांनी चहा मागतो याचा अर्थ मला पक्का माहीत होता. तिच्या भावालाही माहीत होता. तो मोठ्यानं बोलायचा नसतो म्हणून तो बोलला नाही.

मी रंगपटाच्या दाराशी गेले. आरशासमोर तिघी बसल्या होत्या. पहिली तिसरीच्या कपाळावर कुंकवाची चिरी काढत होती आणि तिसरी तोंड न हलवता ओळी म्हणत होती. नऊवारी नेसून झाली होती, तोंडाला रंग लागला होता. तिनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि भुवई उडवली, म्हणजे काय बाई? मी मान हलवली, म्हणजे काही नाही.

एवढंच केलं मी. एक मान हलवली.

आमच्या लोकांत एक जुनी समजूत आहे: तोंडाला रंग लागलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, पडदा पडेपर्यंत. मोठमोठ्या नटांच्या अशा हकिकती आम्ही अभिमानानं एकमेकांना सांगतो. घरी मरण आणि हा इथं गातोय, टाळ्या घेतोय. त्या क्षणी मी त्या समजुतीच्या आड लपले. पण ती समजूत ज्यांच्यावर नाटक उभं असतं त्यांच्यासाठी असेल तर असेल. तिसरी मोलकरीण गेली तर काय होणार होतं? तिघींच्या जागा, चाली, हातवारे मला झोपेतही आले असते. मीच बसवले होते. जास्तीची नऊवारी ट्रंकेत होती. साठीची मोलकरीण वाड्यात असली म्हणून कुणी तक्रार केली नसती. मी कुंकू लावून उभी राहिले असते आणि नाटक झालं असतं. फक्त ते पद पडलं असतं. माझ्या तोंडून तो शेवटचा शब्द गाऊनच येतो, मी पुष्कळ वेळा करून बघितलं होतं. त्यावर कुणी हसत नाही.

आणि मला ते हसू हवं होतं. आदल्या दिवशी रंगीत तालमीनंतर दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "बाई, तुमच्या मोलकरणींचं ते पद फार बरं झालंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी जाऊन मी ते वाक्य भाजी चिरताना मनात घोळवत होते. ते एक वाक्य आणि दुसऱ्या माणसाचा बाप, मी तराजूत टाकले आणि माझ्याकडं पारडं झुकवलं. नाटक संपलं की मी स्वतः गाडी करून देईन, असं मनाशी ठरवलं आणि तिच्या फोनचा आवाज पूर्ण बंद करून पिशवीच्या तळाशी सरकवला.

नाटक चांगलं झालं. पहिल्या अंकात नायकाचा आवाज चिरकला, दुसऱ्यात सावरला. तिघी पदाला उभ्या राहिल्या तेव्हा मी विंगेत ओठांतल्या ओठांत ओळ म्हणत होते. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द तिनं टाकला आणि हसू आलं. आधी पुढच्या चार रांगांत, मग मागून. तिसऱ्या ओळीला लोक तिच्या तोंडाकडं बघून आधीच हसायला लागले. पद संपलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, वन्समोअर. मग आणखी कुणी. मोलकरणींच्या पदाला वन्समोअर. दिग्दर्शकांनी समोरच्या विंगेतून मला हात केला. ऑर्गननं पुन्हा सूर धरला आणि तिघींनी ते सगळं पद पुन्हा म्हटलं. चार मिनिटं. मी रडत होते, आनंदानं. पिशवी खांद्यालाच होती.

नंतर मी हिशेब केला. ती पावणेअकराला निघाली असती तर बारा-सव्वाबाराला घरी पोचली असती. तिचे आबा दीड वाजता गेले. सव्वा तास तरी मिळाला असता. दीड वाजता आमच्याकडं तिसरा अंक चालू होता, नायिकेचं शेवटचं पद. ती मागं हातात तबक घेऊन उभी होती. संवाद नाही, हालचाल नाही. मी शिकवलं होतं तशी उभी होती, जिवंत दिसत होती आणि दिसतही नव्हती.

पडदा पडला, फोटो झाले. मी एकेकाचे फोन परत देत होते. तिचा मुद्दाम शेवटी दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरून बघितला. भावाचे न उचललेले बरेच फोन होते, आणि सगळ्यांच्या खाली एक उचललेला. पावणेअकराचा.

"तुमी उचलला व्हता," ती म्हणाली.

"हो."

"काय म्हनला?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. चहा, मेंढरं, तिचं नाव. ती ऐकत उभी राहिली. तोंडावर रंग होता, त्यामुळे खालचा चेहरा काय करत होता ते मला दिसलं नाही. मग तिनं भावाला फोन लावला. त्यानं उचलला, काहीतरी एकच वाक्य बोलला असावा. तिनं फोन कानावरून काढला आणि खाली बसली. पहिली धावली, दुसरी धावली. मी हात पुढं केला तर तिनं तो नुसता बाजूला केला, वाटेत आलेलं दार करावं तसा. तबलजीनं आपली गाडी काढली. ती नऊवारीत, कुंकवाच्या चिरीसह, तशीच जाऊन बसली. मी दाराशी गेले. "तुमी नका येऊ," एवढंच म्हणाली.

निकालात आम्ही तिसरे आलो, म्हणजे अंतिम फेरीला गेलो नाही. नायिकेला प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांच्या शेऱ्यात मोलकरणींबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिचे आबा गेल्यापासून मी तिला रोज फोन करत होते. तिनं उचलला नाही. घरी मला अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, ते जाणारच होते, तू काय जीव घेतलास का कुणाचा. त्याचं समजावणं मला टोचत होतं. मी ठरवलं, दहाव्याला जायचं, तिच्या भावासमोर हात जोडायचे आणि सांगायचं की निरोप मी दाबला. ते मारतील, हाकलतील, काय करतील ते करोत. खरं सांगायचं तर त्या विचारानं मला थोडं बरंच वाटलं होतं. सकाळच्या एसटीनं पाचोड गाठलं, तिथून जीपनं तिचं गाव.

घरापुढं मांडव होता. विधी उरकून माणसं परतली होती, पंगत बसायची होती. बायकांच्या बाजूला मला जागा दिली. मी शहरातली बाई, म्हणून तिची भावजय मुद्दाम जवळ येऊन बसली. मी कोण ते कळल्यावर तिचा चेहरा ओळखीचा झाला.

"तुमीच व्हय फोनवर. तुमी तर निरोप दिल्ता तिला, तिनं सांगितलं आमाला. तुमाला कशाला बोल लावायचा."

मला काही समजेना. "काय सांगितलं तिनं?"

"हेच की. बाईंनी लगीच सांगितलं, पन म्या निघाले नाय. समदं नाटक माझ्यावरच व्हतं, म्या गेले असते तर पडदाच उघडला नसता, म्हनली." भावजयीनं पदर तोंडाला लावला. "आबा शेवटपस्तोर दाराकडं बघत व्हते, बाई. आमी म्हनायचो, येतीय, येतीय. ह्यांनी धा दिस तिच्याशी एक शब्द नाय बोलला. तिच्या हातचं पानी घेत नायत."

मी उठले. ती घरामागं, मेंढरांच्या वाड्याच्या कुडाशी, भांडी विसळत होती. मला बघून थांबली नाही. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, हे काय सांगितलंस तू? मी आत्ता जाऊन खरं सांगते तुझ्या भावाला.

"नगा सांगू."

"अगं, पण चूक माझी. तू का भोगतेस?"

"काय सांगाल?" तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "माझा फोन तुमच्याकडं कामून व्हता, ते इचारतील. मग काय सांगाल? बारक्या कामावाल्यांचे फोन काढून घेतेत म्हनून?" ती थांबली. "आबांना म्या सांगितलं व्हतं, मी मेन हाय म्हनून. नाटक माझ्यावर हाय म्हनून. साऱ्या गावाला सांगत फिरले ते, लकवा व्हायच्या आदी. लोक हसायचे, नवऱ्यानं टाकलेली लेक तोंड रंगवून नाचती म्हनून. तर आबा म्हनायचे, नाचत नाय, समदं नाटक चालवती. ते तेवढंच घिऊन गेलेत. आता त्येंच्या दहाव्याला मी सांगू का, मी मोलकरीन व्हते? तबक धरून उबी व्हते?"

तिनं खाली ठेवलेलं ताट मी उचललं, ते तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुमी बोलून मोकळ्या व्हताल अन् एसटीत बसताल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला हितं यायचं असतंय."

ती पुन्हा भांडी विसळायला लागली. मी तिथंच बसून राहिले. मी तिची माफी मागायला आले आहे असं मला वाटत होतं. खरं तर मी स्वतःला हलकं करून घ्यायला आले होते, आणि तिनं ते बरोबर ओळखलं होतं. रागाचा एक शब्द तरी तिनं बोलायचा होता. तोही बोलली नाही.

पंगत उठली तेव्हा तिचा भाऊ माझ्याकडं आला. डोकं भादरलेलं, माणूस तसा आडदांड, पण उभा होता तो खांद्यातून वाकून. मांडवाच्या खांबाला त्यानं हात लावला. ती चार पावलांवर पाण्याची घागर घेऊन थांबली होती.

"बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या हायता," तो म्हणाला. "एकच सांगा मला. खरं सांगा. तिच्याबिगर नाटक झालं नसतं का?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "झालं नसतं."

त्यानं मान डोलवली. बराच वेळ डोलवत राहिला.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "उगंच थांबली असती तर म्या तिला आयुष्यात उंबरा चढू दिला नसता."

त्यानं हात पुढं केला आणि तिच्या घागरीतून पाणी घेतलं. पिऊन झाल्यावर तो मला म्हणाला, "तुमी पन प्या, बाई. लांबून आलायसा." तिनं तांब्या भरून माझ्यासमोर धरला. मी तो घेतला आणि सगळ्यांसमोर प्याले.